विहिरीतले पोहणे आणि समुद्राची ओढ

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी ना पावसाळा होता, ना वादळ. हिवाळी सहल होती आणि समोर मोहविणारे पाणी होते. त्यानंतरही किनाऱ्यावरून अशा वार्ता येतच आहेत. दर वेळी हळहळ व्यक्त होते, चौकशीचे आश्वासन मिळते आणि पुढच्या सुटीत किनारे पूर्ववत गजबजतात.

बुडणारे बहुधा देशावरचे असतात, याचे कारण समजून घेतले पाहिजे. जुन्नर तालुक्यातील राजुरीसारख्या गावातील मुलगा पोहणे शिकतो ते विहिरीत, कमरेला दोर बांधून, काठावरील वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली. त्याला आपण पट्टीचे पोहणारे आहोत असे वाटू लागते, आणि विहिरीपुरते ते खरेही असते. परंतु विहिरीचे पाणी माणसाला ओढून नेत नाही; समुद्राचे नेते. लाटांनी किनाऱ्याशी लोटलेले पाणी वाट मिळेल तेथून वेगाने मागे फिरते. त्या ओढीच्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. तीत सापडलेला माणूस किनाऱ्याकडे तोंड करून प्रवाहाशी झगडतो आणि दमून बुडतो. वास्तविक त्याने किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे; ते न साधल्यास पाठीवर तरंगत राहून हात उंचावून मदत मागावी. एवढे ज्ञान सहलीस निघणाऱ्या प्रत्येक मुलास दोन तासांत देता येईल.

मुरूडच्या दुर्घटनेनंतर शिक्षण खात्याने सहलींवर कडक निर्बंध घातले. त्यामागील हेतूविषयी आम्हांस शंका नाही. पण शाळेने न नेलेला मुलगा उद्या मित्रांसह मोटारसायकलवरून तेथे जाणारच. आणि तेव्हा त्याच्याबरोबर शिक्षकही नसेल. बंदीने सहल थांबते, अज्ञान नाहीसे होत नाही.

जबाबदारी केवळ पर्यटकांवर ढकलणेही न्यायाचे नव्हे. गोव्याने २००८ पासून आपल्या किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची संघटित व्यवस्था उभी केली. महाराष्ट्रात मात्र अनेक ठिकाणी धोक्याच्या फलकावरच कर्तव्य संपते. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची नौका उलटून दोघांचे प्राण गेले. पैसे घेऊन जलक्रीडा करविणाऱ्याने प्रत्येकास लाइफ जॅकेट दिले काय, नौकेत मर्यादेपेक्षा अधिक माणसे भरली काय, याची तपासणी अपघातापूर्वी व्हावयास हवी. परवाना देणाऱ्या यंत्रणेस हे कठीण नाही.

आमची मागणी माफक आहे. गर्दीच्या प्रत्येक किनाऱ्यावर जीवरक्षक असावेत. पोहण्याची सुरक्षित जागा झेंड्यांनी आखावी. भरती-ओहोटीच्या वेळा ठळकपणे लावाव्यात. आणि कोणी बुडू लागल्यास इतरांनी आंधळेपणाने उडी न घेता दोर वा तरंगती वस्तू फेकावी, हे शाळांतून शिकवावे. एकास वाचविताना दुसरा बुडाल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

ज्याच्या पिढ्या समुद्रावर गेल्या तो कोळीदेखील परंपरेने नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात लोटत नाही. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. घाट उतरून येणाऱ्या पाहुण्याने त्याच्याहून अधिक धीट होण्याचे काय कारण?