नैराश्याचे माहितीपत्रक वस्तीच्या बोलीत हवे

गेल्या वर्षावासात कारंज्याच्या आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचे. न चुकता येणारी एक ताई हळूहळू यायची बंद झाली. विचारले तर म्हणाली, "काही नाही, कशातच जीव लागत नाही." घरच्यांनी अशक्तपणा समजून सलाईन लावली. मग रक्त तपासले. मग कुणी सांगितले म्हणून बाहेरचे पाहायला नेले. पैसे गेले, सोयाबीन सोंगणीची मजुरीही बुडाली. तिला नैराश्याचा आजार आहे हे कळेपर्यंत सहा महिने लोटले होते.

त्यानंतर आम्ही वस्तीतल्या काही जणांनी या आजारावर एक माहितीपत्रक काढायचे ठरवले. पुस्तके चाळली, डॉक्टरांना विचारले आणि मोठ्या मेहनतीने मजकूर लिहून विहारात वाचून दाखवला. वाचून झाल्यावर एका आजीने विचारले, "हे येड लागल्याचं हाय का बाई?" पत्रकाच्या प्रती तशाच पडून राहिल्या. वर ठळक अक्षरांत 'मानसिक आजार' छापले होते. ते घरात कुणी पाहिले तर मुलीची सोयरीक मोडेल, ही भीती होती. चूक वाचणाऱ्यांची नव्हती, आमची होती.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की असे पत्रक वस्तीसाठी लिहायचे असेल तर ते वस्तीत बसूनच लिहिले पाहिजे. आपल्याकडे 'मला नैराश्य आले' असे कुणी म्हणत नाही. टेन्शन आहे, डोके जड राहते, हातपाय गळतात, झोप लागत नाही, करमत नाही, असेच म्हणतात. हीच त्या आजाराची लक्षणे. दुसऱ्या वेळी आम्ही तिथूनच सुरुवात केली. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहिले किंवा कशातच गोडी वाटेनाशी झाली, त्याबरोबर झोप, भूक, ताकद कमी झाली, आपण कुणाच्या कामाचे नाही असे वाटू लागले, तर तो आळस नव्हे, करणी नव्हे, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

काही जण म्हणतात, "हे श्रीमंतांचे रोग. आपण बाबासाहेबांची लेकरे, आपण खचत नसतो." लढणाऱ्या समाजाला हे ऐकायला बरे वाटते. पण या वाक्यामुळेच आपली माणसे तोंड उघडत नाहीत. माणूस लढवय्या असला तरी त्याला मधुमेह होतो, तसाच हाही आजार होतो. दुसरे काही जण म्हणतात, "बचत गटाचा हप्ता थकला, हाताला काम नाही, जातीवरून अपमान होतो, तिथे गोळी काय करणार?" हा प्रश्न खरा आहे. गोळीने कर्ज फिटत नाही आणि अपमानही पुसला जात नाही. पण अंथरुणाला खिळलेला माणूस हक्कासाठी उभा राहू शकत नाही. म्हणून पत्रकात दोन्ही गोष्टी हव्यात. दुःखाला बाहेरची कारणे आहेत हे मान्य करावे आणि आजारावर इलाज आहे हेही सांगावे. नुसते 'सकारात्मक विचार करा' असे लिहिणे म्हणजे आजारी माणसालाच दोष देणे होय.

देशाचे चित्रही वेगळे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. शासनाने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आपला वाशिमही आहे. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या मजुराच्या मनाचीही विचारपूस झाली पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला अनुभव मात्र धीर देणारा आहे. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पात गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी बोलायला पाठवले. आधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षाने ते प्रमाण २७ वर गेले. यातून आम्ही एवढे शिकलो की पत्रक नुसते वाटून भागत नाही, ते कुणीतरी बसून वाचून दाखवावे लागते.

नव्या पत्रकात आम्ही या गोष्टी घातल्या. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्याआधी धीर सोडू नये. बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत, साधारण सहा महिने तरी त्या चालू ठेवाव्या लागतात. या गोळ्यांची दारूसारखी सवय लागत नाही. दारूने मात्र हा आजार वाढतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. कुणी "जगून काय करू" असे म्हणाले तर ते हसण्यावारी नेऊ नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. त्या माणसाला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध घरातून हलवा आणि लगेच दवाखान्यात न्या. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा धरून चालतो, आणि त्याला उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य ठरवतो.

मोठ्या डॉक्टरांसाठी वाशिम किंवा अकोला गाठायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी जाते. त्याआधी १४४१६ हा 'टेलिमानस'चा मोफत क्रमांक लावून पाहा. तिथे चोवीस तास आणि मराठीतही बोलता येते.

आता पत्रकावर 'मानसिक आजार' हे शब्द पहिल्या पानावर नाहीत. तिथे लिहिले आहे, 'कशातच जीव लागत नाही?' ती ताई आता विहारात परत येते. परवा तिनेच ते पत्रक दोन घरी नेऊन वाचून दाखवले. आपल्या वस्तीतही कुणी यायचे बंद झाले असेल, तर या आठवड्यात त्यांच्या दारी जाऊन बसा.