रुग्णवाहिका बोलावली की काळजी संपत नाही

वृद्धाश्रमातल्या प्रत्येक अत्यवस्थ रहिवाशाला ताबडतोब रुग्णालयात हलवावे, हे बोरिवलीच्या एका वाचकाचे मत मला पटत नाही. मांडीचे हाड मोडले तर हलवलेच पाहिजे. पण स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातल्या, अंथरुणाला खिळलेल्या आजींना अतिदक्षता विभागात नळ्या लावून काय साधते? मुलुंडच्या ज्या वृद्धाश्रमात मी नेहमी जाते, तिथल्या मावशी अशा एका आजींची दर दोन तासांनी कूस बदलून देतात, ओल्या कापसाने ओठ भिजवतात. आजी बोलत नाहीत; पाठ पुसताना कपाळावर आठी आली की मावशींना दुखणे कळते. पण त्यावर औषध कोण देणार? वेदनाशमन जाणणारा डॉक्टर तिथे फिरकतच नाही. खरी उणीव ही आहे.

वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून वेदनाशमनाचे काम करते, पण कर्करुग्णांसाठी. तीव्र वेदनांवर दिल्या जाणाऱ्या मॉर्फिनचे नियम २०१४च्या कायदादुरुस्तीने सुटसुटीत झाले. जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरे. आपल्या वृद्धाश्रमांपर्यंत यातले किती पोहोचले? मी पाहिलेल्या प्रवेश-अर्जांत मुलाचा फोन नंबर असतो, आजोबांची स्वतःची इच्छा विचारलेली नसते. ती इच्छा माणूस शुद्धीवर असतानाच विचारावी, आणि महापालिकेने प्रत्येक विभागातल्या वृद्धाश्रमांना महिन्यातून दोनदा तरी वेदनाशमनाचे पथक पाठवावे.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)