चीट डे? कोणाला चीट करताय, भाऊ?

स्पष्टच सांगतो, 'चीट डे' हा प्रकार मला अजिबात पटत नाही. चीट मील नव्हे हं, चीट डे! सोमवार ते शनिवार काकडी, मूग आणि उकडलेली अंडी. मग रविवारी सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत समोर येईल ते. आणि वर ऐकवायचं, "अरे, त्याने मेटाबॉलिझमला किक बसते." जिममधला ट्रेनर हे सांगतो, ऑफिसच्या कँटीनमध्ये अर्धी टीम माना डोलावते. टिम फेरिसच्या 'द फोर-अवर बॉडी' या 2010 सालच्या पुस्तकाने आठवड्यातून एक दिवस हवं ते खाण्याची कल्पना खूप लोकांपर्यंत पोचवली. आपल्याकडे तर ती अशी काही रुजली की जणू आजीच्या बटव्यातूनच निघाली.

तसं म्हटलं तर ती आपल्याकडे आधीपासून होतीच. एकादशी अन् दुप्पट खाशी! फरक एवढाच की जुनी माणसं याला हसायची. आपण ते डाएट चार्टमध्ये लिहून ठेवतो.

आता जरा हिशेब करू. समजा तुमचं वजन 2200 कॅलरींवर स्थिर राहतं आणि तुम्ही रोज 1800 खाता. रोजची तूट 400. सातही दिवस असं केलं तर आठवड्याची तूट 2800. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी, म्हणजे तीन आठवड्यांच्या आतच एक किलो कमी.

आता यात चीट डे टाका. सहा दिवसांची तूट 2400. रविवारी सकाळी तर्री पोहे आणि दोन आलूबोंडे, दुपारी सांबारवडी आणि तुपात बुडवलेल्या पुरणपोळ्या, संध्याकाळी आइस्क्रीम, रात्री मित्रांसोबत पिझ्झा आणि बिअर. 4000 कॅलरी आरामात होतात. 1800 जास्त झाल्या, हातात राहिल्या 600. त्याच एका किलोला आता जवळजवळ तेरा आठवडे लागतील! आणि रविवारी दिवसभर बेताने खाऊन एकच जेवण मनासारखं जेवलात, दिवसाची बेरीज 2600 झाली, तर? आठवड्याची तूट 2000, आणि तोच किलो चार आठवड्यांत. शरीर एक्सेल शीटसारखं काटेकोर चालत नाही, मान्य. पण तेरा आणि चार यातला फरक कुठल्याही 'किक'ने भरून निघणारा नाही.

म्हणजे घोळ पुरणपोळीत नाही, 'दिवस' या मापात आहे. सहा दिवस ॲपमध्ये बदामसुद्धा मोजून लिहायचे आणि सातव्या दिवशी लॉगिंगच बंद! सगळ्यात जास्त लोड असतो त्याच दिवशी लॉग बंद ठेवणाऱ्या माणसाला आपण टीममध्ये ठेवू का?

"पण ब्रेक घेतल्याने फायदा होतो असं संशोधन आहे ना?" आहे. ऑस्ट्रेलियातला 'मॅटाडोर' नावाचा अभ्यास, 2017 साली प्रसिद्ध झाला. 51 लठ्ठ पुरुष होते. एका गटाने सलग 16 आठवडे डाएट केलं. दुसऱ्याने डाएटचे तेवढेच आठवडे पूर्ण केले, पण दोन आठवडे डाएट आणि दोन आठवडे ब्रेक असं आलटून पालटून. ब्रेकवाल्यांचं सरासरी 14.1 किलो कमी झालं, सलगवाल्यांचं 9.1. झालं, आता हा आकडा तोंडावर फेकला जातो. पण त्या ब्रेकमध्ये काय होतं ते कोणी वाचत नाही. वजन स्थिर राहील एवढंच, मोजून मापून दिलेलं जेवण! तिथे आलूबोंड्याची पार्टी चालली नव्हती. एखादा दिवस भरपूर खाल्लं की लेप्टिन हे हार्मोन वाढतं, शरीराचा खर्चही थोडा वाढतो, हेही खरं. पण तो वाढलेला खर्च जास्तीच्या खाण्यापुढे किरकोळ असतो. शंभर रुपयांच्या खरेदीवर दहा रुपये कॅशबॅक मिळाला म्हणून कोणी श्रीमंत होत नाही.

आमच्या वर्ध्यात या वादाची दोन्ही टोकं एकमेकांपासून आठेक किलोमीटरवर आहेत. शहरात गोरस पाक मिळतो, गाईच्या तुपातला. पाहुणा परत निघाला की पिशवीत एक डबा जाणारच. आणि तिकडे सेवाग्राम, गांधीजी 1936 पासून राहिले ते. एकादश व्रतांतलं एक व्रत अस्वाद, म्हणजे जिभेसाठी खायचं नाही. आयटीवाल्यांनी अस्वाद पाळावा असं मी म्हणणार नाही, झेपणारही नाही :) गांधीजींना वजनही कमी करायचं नव्हतं. पण त्यांची एक गोष्ट इथे फार कामाची आहे.

त्यांनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं, पुढे ते व्रतच झालं. मग आजारपणात प्रकृती फारच खालावली. डॉक्टर म्हणाले, दूध घ्या. कस्तुरबांनी वाट काढली, व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, मग बकरीचं दूध का चालू नये? 1919 च्या सुमाराला त्यांनी ते घेतलं. पण आत्मकथेत त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं की व्रताचे शब्द पाळले गेले, आत्मा मेला. सूट घेतली, पण सूट म्हणजेच व्रत असं म्हटलं नाही. आपली गाडी नेमकी इथे अडते. खायचंय म्हणून खा ना! त्याला डाएटचा भाग कशाला म्हणायचं?

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. कायमची बंदी टिकत नाही. पोळ्याच्या दिवशी घरात पुरण शिजतंय आणि तुम्ही कोपऱ्यात ओट्स घेऊन बसलाय, हे आईचा अपमान करण्याचे धंदे आहेत. सणाचं जेवण जरूर जेवा. सणाला तारीख असते, माणसं असतात, आणि दुसऱ्या दिवशी तो संपतो. चीट डेला यातलं काहीच नसतं. तो दर सात दिवसांनी येतो, म्हणजे वर्षातून 52 वेळा. एवढे सण तर आपल्या कालनिर्णयातही जेवायला बोलवत नाहीत.

हे सगळं फक्त जीन्सच्या मापापुरतं असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. आयसीएमआर-इंडियाबच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर. दिवसभर खुर्चीत बसणारे तुम्ही-आम्ही त्या रांगेत फार मागे नाही. तेरा आठवडे घाम गाळून एक किलो उतरला की माणूस म्हणतो, "आपल्या अंगालाच डाएट लागत नाही," आणि सोडून देतो. चीट डेचं खरं नुकसान हे आहे.

तेव्हा येत्या रविवारी एवढंच करा. एक पदार्थ निवडा, मनापासून आवडणारा. गोरस पाक खायचा तर दोन तुकडे बशीत काढा, डबा बंद करा, आणि चवीने खा. आणि ॲपमध्ये लिहा. रविवार आहे म्हणून सुट्टी तुम्हाला आहे, कॅलरींना नाही.