हत्यार पाहावे, की हत्यार घडविणाराही?

खंडेनवमीला पूजेस निघणारी एखादी तलवार, कट्यार किंवा बिचवा आमच्या शहरातील जुन्या मराठी घरांतून अजूनही आढळतो. अशा वस्तू पाहावयास संग्राहक येतात, आणि हल्ली नव्या घडविलेल्या सुऱ्या हौसेने जमविणारेही भेटतात. या मंडळींत एक वाद नेहमी रंगतो. पाते उत्तम आहे, परंतु घडविणाऱ्याचा लौकिक बरा नाही. मग ते घ्यावे की टाकावे? मी व्यवसायाने संगीतशिक्षक, दरबारी गवयाचा मुलगा. हत्यारांतले मला काय कळणार, असे कोणी म्हणेल. परंतु मिरजेस ज्या घराण्यांनी तंबोरे घडविण्यात नाव मिळविले, ती मूळची शिकलगारांचीच. तलवारींस धार लावणारे हात पुढे भोपळ्याकडे आणि तारांकडे वळले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा हा प्रश्न आम्हां गाणाऱ्यांच्या उंबरठ्याबाहेरचा नाही.

लौकिक ही चीज किती फसवी असते, याचे उत्तम उदाहरण जपानात सापडते. सोळाव्या शतकात इसे प्रांतातील कुवाना येथे मुरामासा नावाचा तलवारकार होऊन गेला. पुढे तोकुगावा घराणे सत्तेवर आले, आणि त्या घराण्यातील पुरुषांचा घात याच्या तलवारींनी झाला, अशी आख्यायिका पसरली. पाठोपाठ हा मनुष्य माथेफिरू होता, त्याचे पाते रक्ताविना म्यानात जात नाही, अशा गोष्टी नाटकांतून रंगल्या. परिणाम असा झाला, की लोक पात्यावरील त्याची सही खरवडू अथवा बदलू लागले. एकोणिसाव्या शतकात वारे फिरले. तोकुगावांच्या विरोधकांना नेमक्या याच तलवारी हव्याशा झाल्या, आणि आता त्याच्या खोट्या सह्या कोरल्या जाऊ लागल्या. पाते तेच, पोलाद तेच. लौकिकाचे पारडे मात्र एकदा खाली आणि एकदा वर!

गंमत अशी, की ज्या इएयासू तोकुगावाच्या नावाने ही भीती पसरली, त्याच्याच संग्रहात मुरामासाची तलवार होती. ती वारसाने चालत आली आणि आज नागोयाच्या तोकुगावा कलासंग्रहालयात आहे. कुवाना हे तोकुगावांच्या मिकावा प्रांताच्या जवळचे. तेथील योद्ध्यांच्या कमरेला याच्याच तलवारी पुष्कळ असणार. मग घातपातातही त्याच दिसाव्यात, यात नवल ते काय? मुरामासा हा थोर तलवारकार मासामुने याचा बिघडलेला शिष्य, अशीही एक कथा सांगतात. पण मासामुने त्याच्या सुमारे दोन शतके आधीचा. ज्याला गुरूचे दर्शनही शक्य नव्हते, त्याच्या माथी गुरुद्रोह मारला गेला.

चांगल्या नावाची कथाही याहून वेगळी नाही. इराणातील इस्फहानचा असदुल्ला हा शाह अब्बासच्या काळातील तलवारकार म्हणून प्रसिद्ध. त्याच्या नावाची मुद्रा असलेली पाती इतकी सापडतात, आणि त्यांवरील सालांमध्ये इतके अंतर असते, की ती सारी एका मनुष्याने घडविणे अशक्य. भारतातही त्याचे नाव पात्यांवर कोरले जाई. म्हणजे नाव पाहून घेणारा गिऱ्हाईक पुष्कळदा पोलादाचे नव्हे, अक्षरांचे पैसे मोजीत होता.

यावरून कोणी म्हणेल, की मग फक्त पाते पाहावे. माझे एक गवई स्नेही हेच म्हणतात. माझ्या एका विद्यार्थिनीने एका कारागिराकडे तंबोरा सांगितला आणि सगळे पैसे आगाऊ दिले. वायदा चार महिन्यांचा होता. वाद्य हाती आले सव्वा वर्षाने. पुढे कळले, की तो तंबोरा त्याच्या हाताखालच्या मुलाने घडविलेला होता. चिठ्ठी मात्र मालकाच्या नावाची, आणि त्या मुलाची मजुरीही थकलेली. तंबोरा सुरेख बोलत होता, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही त्यानंतर मी कोणा विद्यार्थ्यास त्या दुकानी पाठविले नाही. स्नेही हसून म्हणाले, "तुम्हांस जवारी हवी आहे की जपमाळ?"

प्रश्न मार्मिक आहे. पण तो दोन निराळ्या गोष्टी एकत्र करतो. कारागीर देवळात जातो की गुत्त्यात, त्याचे भावांशी पटते की नाही, याची चौकशी मी केली नाही आणि करणारही नाही. दुसऱ्याचे काम आपल्या नावावर खपविणे, वायदा मोडणे, हाताखालच्याची मजुरी बुडविणे, हे मात्र त्याचे खाजगी आयुष्य नव्हे. तो त्याच्या धंद्याचाच भाग होय. सुरीच्या पोटात कोणते पोलाद आहे, त्याला पाणी कसे दिले आहे, हे घेणाऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही. तेथे घडविणाऱ्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. सहीबद्दल खोटे बोलणारा पोलादाबद्दल खरे बोलेल, असे कशावरून मानावे? अमेरिकेत हाताने सुऱ्या घडविणाऱ्यांनी १९७० साली आपला संघ स्थापिला, तेव्हा धंद्यातील सचोटी हाही त्याच्या उद्देशांपैकी एक ठेवला. कारागिरांनाच याची गरज वाटली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. मुरामासाची तलवार आज कोणी विकत घेतली, तर त्यातील एक पैही त्याला पोचत नाही. मृताच्या गुणदोषांचा न्याय इतिहासाने करावा. संग्राहकाने पाते पाहावे आणि सही खरी की खोटी एवढे तपासावे. जिवंत कारागिराचे तसे नाही. आपण मोजलेली रक्कम त्याच्या भट्टीत पडते, आणि तिच्या बळावर तो उद्याचे शागीर्द ठेवतो. पूर्वी कोणास आश्रय द्यावयाचा हे दरबार ठरवी, आणि त्याची बरीवाईट जबाबदारीही दरबारचीच असे. आता दरबार राहिले नाहीत. आता गिऱ्हाईक हाच दरबार आहे, आणि ती जबाबदारी त्याच्या खांद्यावर आली आहे.

मात्र दरबारात चुगलखोरही असत, हे विसरू नये. एका कारागिराची बदनामी बहुधा दुसरा कारागीरच सांगतो. म्हणून ऐकीव गोष्टीवर कोणाची चूल विझवू नये. ज्याचे पैसे अडकले त्याला विचारावे, ज्याची मजुरी थकली त्याला विचारावे, आणि शक्य तर खुद्द कारागिरालाही विचारावे. आरोप खरा ठरला तर पाते कितीही लखलखीत असो, हात आखडता घ्यावा. खोटा ठरला तर मागणी त्याच्याकडेच नोंदवावी, आणि चार लोकांत तसे सांगावेही.

माझ्या त्या विद्यार्थिनीचा तंबोरा रोज सकाळी वर्गात लागतो. तो घडविणाऱ्या मुलाने आता स्वतःचे लहानसे दुकान थाटले आहे. नव्या विद्यार्थ्यांना मी तेथेच पाठवितो. त्याच्या तंबोऱ्यात चिठ्ठी असते ती त्याच्या स्वतःच्या नावाची.