खुनी सापडतो, लुटारू सुटतो

कॅलिफोर्नियाच्या गोल्ड रशचा धागा पकडून आजच्या खुनाची गोष्ट सांगणाऱ्या रहस्यकादंबऱ्या मी हावरटासारख्या वाचल्या आहेत. आता त्यांचा संताप येतो. त्यातल्या बहुतेक खोटं बोलतात, आणि तेही इतिहासाचा अभ्यास केल्याचा आव आणून.

साचा ठरलेला असतो. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी पर्यटकांच्या जिवावर तगलेलं एक जुनं खाणगाव. तिथं आज एक खून पडतो. मेलेल्याच्या माळ्यावर 1850 च्या आसपासची रोजनिशी सापडते. मग एक प्रकरण आजचं, एक तेव्हाचं. तेव्हाच्या प्रकरणांत दोन भागीदार, एक बाई, एक दगाफटका आणि कुठंतरी पुरून ठेवलेलं सोनं. आजच्या खुन्याला तेच सोनं हवं असतं. तो पकडला जातो, सोनं संग्रहालयात जातं, गाव पुन्हा सुखानं झोपतं. या साडेतीनशे पानांत तिथला मूळ रहिवासी दिसलाच तर नायिकेला वाट दाखवणारा एखादा म्हातारा म्हणून. चिनी माणूस दिसलाच तर धोबी नाही तर अफूवाला.

ही खोड आजची नाही. भालबा केळकरांच्या अनुवादांतून शेरलॉक होम्स मराठी घरांत पोचला, त्यामुळे 1891 सालची बॉस्कोम व्हॅलीची कथा अनेकांना आठवत असेल. इंग्लंडच्या खेड्यात खून होतो आणि त्याचं मूळ निघतं ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या सोन्यात. जॉन टर्नरनं तरुणपणी सोन्याच्या गाडीवर दरोडा घातलेला असतो, त्या पैशावर तो इंग्लंडात जमीनदार होतो आणि जुन्या पापाचा साक्षीदार त्याला पिळत राहतो. कॉनन डॉयलची रचना अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण ते सोनं ज्या जमिनीतून निघालं ती वाडावुरुंग लोकांची होती, ही गोष्ट कथेत कुठंच नाही. दरोडा म्हणजे गाडीवर पडलेला तेवढाच. होम्स म्हाताऱ्याचा कबुलीजबाब खिशात ठेवतो आणि हिशेब मिटतो. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी नक्कल करणारे तीच गाडी लुटत बसले आहेत.

आता कॅलिफोर्नियात खरोखर काय झालं ते पाहा. 24 जानेवारी 1848 रोजी कोलोमाला, सटरच्या लाकूड गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोनं दिसलं. दोनेक वर्षांत तिथल्या पहिल्याच विधिमंडळानं कायदा केला: मूळ रहिवाशांना भटके ठरवून त्यांची मजुरी लिलावात विकता येईल, त्यांची मुलं गोऱ्यांना कामाला ठेवून घेता येतील. या कायद्याच्या नावात ‘संरक्षण’ हा शब्द होता. जानेवारी 1851 मध्ये पहिला राज्यपाल पीटर बर्नेट विधिमंडळाला सांगतो की ही जमात नष्ट होईपर्यंत संहाराचं युद्ध चालूच राहणार. 1840 च्या दशकाच्या मध्यावर सुमारे दीड लाख असलेली मूळ रहिवाशांची संख्या 1870 पर्यंत तीस हजारांच्या घरात आली. रोगराई, उपासमार, वेठबिगारी आणि थेट कत्तल. इतिहासकार बेंजामिन मॅडली यांनी 1846 ते 1873 या काळातल्या हत्यांचा आकडा किमान 9,492 ते 16,094 असा काढला आहे. कत्तली करणाऱ्या टोळ्यांचा खर्च राज्यानं कर्जरोखे काढून भागवला. यात रहस्य कसलं? खुन्यांनी पावत्या सादर केल्या आणि सरकारनं त्या मंजूर केल्या.

आज आणि काल गुंफायचाच असेल तर सेरानस हेस्टिंग्ज घ्या ना. हा 1849 मध्ये कॅलिफोर्नियात आला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला सरन्यायाधीश झाला, जमिनी घेत गेला. ईडन व्हॅलीत त्याची गुरं-घोडी चरत. 1859 मध्ये तिथल्या युकी लोकांविरुद्ध वॉल्टर जारबोची सशस्त्र टोळी उभी राहिली, तिच्यामागे हेस्टिंग्जचा हात होता. राज्यपालानं टोळीला मान्यता दिली, युकी बायकापोरांसकट मारले गेले, बिल राज्यानं चुकतं केलं. याच माणसानं 1878 मध्ये एक लाख डॉलर देऊन सॅन फ्रान्सिस्कोत विधी महाविद्यालय काढलं. त्याच्या नावाच्या पाटीखाली वकिलांच्या पिढ्या न्याय शिकल्या. ती पाटी उतरली 1 जानेवारी 2023 ला, आणि नाव बदलू नये म्हणून त्याचे वंशज त्याआधीच कोर्टात गेले होते. जमीन, रक्त, पैसा, प्रतिष्ठा, वारस, खटला. कादंबरीकाराला याहून अधिक काय वाढून द्यायचं? तरी हे लोक माळ्यावरची रोजनिशी शोधत फिरतात.

दुसरं प्रेत तर अजून नदीत आहे. सोन्याचे बारीक कण धरण्यासाठी खाणवाले पारा ओतत. पाण्याच्या प्रचंड झोतांनी डोंगर फोडले गेले, खाली शेतं गाळानं गाडली गेली, आणि 1884 मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी नद्यांत राडारोडा सोडायला मनाई केली. या साऱ्या खाणकामात अंदाजे एक कोटी पौंड पारा कॅलिफोर्नियाच्या मातीपाण्यात मुरला. तिथल्या कित्येक नद्या-तलावांतले मासे जपून खा, असं सरकार आजही बजावतं. ‘आजचा गुन्हा आणि गोल्ड रशचा इतिहास’ या शब्दांना एवढं चपखल बसणारं दुसरं काय आहे?

करमणुकीच्या पुस्तकावर एवढं का तापायचं, असं मला विचारतात. तापायचं, कारण हा प्रकार वाचकाला स्वतःहून वचन देतो की भूतकाळ खणला की वर्तमान कळेल. असं वचन देऊन उथळ खड्डा खणणं ही फसवणूक आहे. आणि हे जमत नाही म्हणावं तर 1854 मध्येच ते एकानं करून दाखवलं. जॉन रोलिन रिज हा चेरोकी लेखक. हुआकीन मुरिएटावरच्या कादंबरीत त्यानं या दरोडेखोराच्या जन्माचं कारण सरळ सांगितलं: गोऱ्यांनी त्याला खाणीवरून हाकललं, प्रेयसीवर बलात्कार केला, भावाला फासावर लटकवलं. त्या पुस्तकात चिन्यांच्या वाट्याला येते ती निर्घृण कापाकापी, हे मला सलतं. पण लेखकाला मूळ गुन्हा कोणता ते ठाऊक होतं.

मराठी अनुवादकांनी आणि प्रकाशकांनी हा साच्यातला माल आणण्यात कागद वाया घालवू नये. आणि ज्यांना स्वतः लिहायचं आहे त्यांनी लिंग सिंगचा खून घ्यावा. 1853 साली नेवाडा कौंटीत या चिनी खाणमजुराला जॉर्ज हॉल नावाच्या गोऱ्यानं मारलं. चिनी साक्षीदारांच्या जबान्यांवर हॉलला फाशीची शिक्षा झाली. 1854 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली: गोऱ्याविरुद्ध काळ्यांची आणि मूळ रहिवाशांची साक्ष चालत नाही, तशीच चिन्यांचीही चालणार नाही. खुन्याचं नाव पहिल्याच पानावर सांगून टाका. मग तो सुटला कसा, एवढंच लिहा.