लष्कराला गाणे का झोंबले?

१८ फेब्रुवारी १९७७ रोजी नायजेरियाच्या सुमारे एक हजार सैनिकांनी लागोस शहरात एका गायकाचे घर जाळले. माणसे झोडपली, वाद्ये फोडली. गायकाच्या वृद्ध आईला, फुनमिलायो यांना, खिडकीतून खाली फेकले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. गायकाचे नाव फेला कुटी. त्याचा गुन्हा? हुकुमासरशी हलणाऱ्या सैनिकाला त्याने 'झॉम्बी', म्हणजे मंत्राने चालवलेले प्रेत म्हटले होते. तेही लोक नाचतील अशा ठेक्यावर!

फेला लंडनला संगीत शिकला, जॅझ वाजवू लागला. १९६९ मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला. तेथे सँड्रा या ब्लॅक पँथर चळवळीतल्या तरुणीने त्याला माल्कम एक्स वाचायला लावला. याच ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, हे वाचकांना सांगायला नको. तिकडे हार्लेममध्ये १९६८ पासूनच 'लास्ट पोएट्स' ढोलाच्या साथीने कविता बोलत होते.

जॅझ, हायलाइफ, अमेरिकी फंक आणि योरुबा ताल यांतून फेलाचा अफ्रोबीट उभा राहिला. त्यात टोनी अ‍ॅलनच्या ड्रमइतकेच शब्दाला वजन आहे. कितीतरी वेळ नुसते वादन चालते. लोक तालात आले की फेला बोलू लागतो आणि मागचा कोरस त्याला उत्तर देतो. ढोलकीने माणसे जमवून विचार सांगणारा आपला जलसा याहून फार वेगळा नव्हता. भाषाही त्याने पिजिन निवडली. शहाणे तिला मोडकी इंग्रजी म्हणतात. पण ती योरुबाला कळते, इग्बोलाही कळते.

त्याला देव्हाऱ्यात बसवण्याचे मात्र कारण नाही. फुनमिलायो यांनी १९४० च्या दशकात अबेओकुटाच्या बाजारकरणींना घेऊन अन्यायी करांविरुद्ध लढा दिला. त्यांच्या मुलाने १९७८ मध्ये एकाच समारंभात २७ जणींशी लग्न केले. त्याचा विद्रोह घराच्या उंबरठ्यावर थांबला.

आज 'अफ्रोबीट्स' जगभर गाजते. शेवटी एक 'स' वाढला आणि बोल बहुधा गळून गेले. ठेका घ्यायचा आणि शब्द टाकून द्यायचा, ही बाजाराची जुनी खोड आहे.

१९७९ मध्ये फेला आईच्या नावाची शवपेटी घेऊन लष्करी राजवटीच्या दारात गेला आणि ती तेथे ठेवून आला. मग त्यावरही त्याने गाणे केले.