कार्डावर नाव, वॉर्डात 'सात नंबर'

थोडं स्पष्ट लिहितोय. दवाखानेवाल्यांना राग येईल, आपल्यातल्या काहींनाही येईल. येऊ दे. बातमीदारीच्या निमित्तानं मिरज-सांगली-कोल्हापूरचे वॉर्ड वर्षानुवर्षे बघतोय, म्हणून बोलतोय.

आपल्या शिरोळ तालुक्यात जैन घरं किती आहेत, हे वेगळं सांगायला नको. या घरांतल्या कितीतरी आज्या दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. अशी आजी ॲडमिट होते. ताट येतं रात्री आठला. ती ते सरकवून ठेवते. कागदावर लिहिलं जातं, 'पेशंट जेवत नाही'. अशक्तपणा वाढला की सलाईन. "आजी, तुम्ही जेवता कधी?" एवढं विचारायला काय पैसे पडतात?

सीमेकडच्या गावातली म्हातारी कन्नड बोलते. तिला मराठीत घाईनं चार प्रश्न विचारले, ती गप्प बसली. लगेच 'प्रतिसाद नाही'.

काठी टेकत संडासला जाणारे तात्या. पडतील म्हणून त्यांना डायपर, नाहीतर लघवीची नळी. आठ दिवस पडून राहिलं की पायातलं बळ जातं, पाठीला जखमा होतात, नळीमुळं इन्फेक्शनचा धोका वाढतो. चालत आत गेलेला माणूस स्ट्रेचरवरून घरी येतो आणि आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच."

हरवेल म्हणून चष्मा आणि कानातलं मशीन कपाटात. मग रात्री म्हातारा बडबडायला लागला की 'डोकं फिरलंय' म्हणून हात बांधायचे. आजारपणात, अनोळखी जागी वयस्कर माणसाला असा तात्पुरता भ्रम होऊ शकतो. डोळ्यावर चष्मा, कानात मशीन, ओळखीचा चेहरा आणि रात्रीची झोप मिळाली तर तो बऱ्याचदा टळतो.

याचं खापर सिस्टरवर फोडू नका. हे सगळं त्या शिकून आलेल्या असतात. पण एका शिफ्टला भरलेला वॉर्ड आणि एकटी सिस्टर असेल, तर ती इंजेक्शन देणार की आजीशी बोलणार? पदं न भरणारे मोकळे आणि शिव्या तिला.

आता सरकारचं बघा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्यांसाठी ५ लाखांच्या उपचारांचं कार्ड आलं. चांगली गोष्ट आहे. कार्डवाटपाचे फोटोही झाले. पण ते पैसे ॲडमिट झाल्यावरचे. घरी अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलायला, जखम धुवायला कोण येणार? ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची ओपीडी आणि घरात पडून असलेल्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांची भेट ठरलेली आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २० मध्ये सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांना वेगळी रांग आणि शक्यतो खाट द्यायला सांगितलंय. आपल्या गावात यातलं काय दिसतं, ते तुम्हीच सांगा.

आणि आपण? पोरगा पुण्याहून फोन करतो, "मोठ्यातल्या मोठ्या दवाखान्यात न्या, पैशाचं बघू." पण वडिलांना कुठल्या कानानं ऐकू येतं, हे त्याला माहीत नसतं.

माझी मागणी साधी आहे. साठीपुढच्या प्रत्येक पेशंटच्या खाटेला एक कागद लावा. काय म्हणून हाक मारायची, भाषा कुठली, काय आणि कधी जेवतात, ऐकू-दिसायला कसं आहे, चालतात का, कशाची भीती वाटते. "एवढ्या गर्दीत वेळ कुणाला?" असं म्हणणाऱ्यांना सांगतो, नातेवाईक पाच मिनिटांत हा कागद भरतील. पाठीची जखम भरायला महिने लागतात.

आणि येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: आपल्या आरोग्य केंद्रात ज्येष्ठांची ओपीडी कुठल्या वारी असते? पडून असलेल्या किती जणांच्या घरी गेल्या महिन्यात कर्मचारी जाऊन आले? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. मिळालं तर मला पाठवा, नावानिशी छापतो. नाही मिळालं तरी छापतो.